शकुंतलेची अंगठी आणि उतरवलेलं जर्नल

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला लंबकावरून 'जी'ची किंमत काढायची असते, आठवतंय? वर्गातल्या चाळीस जणांच्या जर्नलमध्ये उत्तर ९.८ च्या आसपास असेल, तर कोणी कोणाचं उतरवलं हे सांगता येत नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार. पण तीन जर्नलमध्ये ९.१८ लिहिलेलं सापडलं, की मॅडमना पुढे काही विचारावं लागत नाही. आकड्यांची तीच अदलाबदल तिघांच्या हातून आपापली झाली असेल, यावर कोण विश्वास ठेवणार?

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, कोणी सिनॉप्सिससाठी पेपर गोळा करताय. 'लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नेमकं करायचं काय' हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. त्याचं अर्धं उत्तर त्या ९.१८ मध्ये आहे. दोन गोष्टी सारख्या दिसतात एवढ्यावरून त्यांचं नातं ठरत नाही. मधल्या वाटेवर कुठेतरी झालेला एकच बदल दोघींत उतरलेला दिसला, तर नात्याबद्दल बोलायला सुरुवात करता येते. माझं स्वतःचं काम जनुकांच्या क्रमावरून प्रजातींची वंशावळ लावण्याचं आहे आणि ते सगळं याच तर्कावर उभं आहे. पण आज जनुकं बाजूला ठेवते. आज शकुंतला.

का, तर हा तर्क आम्हा जीवशास्त्रवाल्यांच्या आधी पोथ्या वाचणाऱ्यांनी वापरला. युरोपात एकोणिसाव्या शतकात ग्रीक-लॅटिन हस्तलिखितांवर, आणि आपल्याकडे पुण्यात महाभारतावर. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये हाती घेतलं, ते संपलं १९६६ मध्ये. सत्तेचाळीस वर्षं, १२५९ हस्तलिखितं. (तुमचा गाईड 'अजून दोन रीडिंग घे' म्हणाला की हा आकडा आठवा.) त्या कामाची पद्धत ज्यांनी घालून दिली ते विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले होते, मग बर्लिनला जाऊन संस्कृतात डॉक्टरेट केली. त्यांची अडचण आम्हाला ओळखीची वाटावी अशी होती. महाभारताच्या पोथ्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या होत्या, की सरळ फांद्या असलेलं झाड काढताच येईना. लेखनिकाला शेजारच्या गावच्या पोथीत चार श्लोक जास्त दिसले, की तो ते आपल्याही पोथीत घेणार. पुण्य कोण सोडतं? मग सुकथनकरांनी भर दिला तो एकमेकींपासून लांब राहिलेल्या परंपरांच्या एकमतावर. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एकच शब्द सांगत असतील, तर तो शब्द जुना असण्याची शक्यता जास्त. त्यांनी स्वतः संपादित केलेलं आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं आणि शकुंतलेची गोष्ट त्याच पर्वात आहे.

आता एक करा. पुढे वाचण्याआधी शकुंतलेची गोष्ट मनातल्या मनात सांगून बघा. कण्वांचा आश्रम, हरिण, दुष्यंत, गांधर्वविवाह, अंगठी, दुर्वासांचा शाप, नदीत पडलेली अंगठी, मासा, राजाला झालेली आठवण, सिंहाच्या छाव्याशी खेळणारा भरत. बरोबर? ही गोष्ट तुम्ही कुठे वाचली ते सांगता येणार नाही. शाळेच्या पुस्तकात, अमर चित्रकथेत, कॅलेंडरवर, आजीकडून. कुठूनही आली असली तरी ती महाभारतातली नाही.

महाभारतात शाप नाही, अंगठी नाही, मासा नाही. आदिपर्वातलं उपाख्यान चिकित्सक आवृत्तीत आठ अध्यायांचं आहे. नायगावहून दादरला जाईपर्यंत वाचून होतं, बसायला जागा मिळाली तर. वाचनालयात जुनं मराठी भाषांतर मिळालं तर ते बहुधा नीळकंठ चतुर्धरांच्या पाठावरचं असेल. सतराव्या शतकातले हे टीकाकार मूळचे आपल्या कोपरगावचे, काम केलं काशीत. त्यांचा पाठ थोडा ऐसपैस आहे, पण मुद्द्याला फरक पडत नाही.

तिथली शकुंतला लग्नाला हो म्हणण्याआधी अट घालते: मला होणारा मुलगा तुझ्यामागे राजा झाला पाहिजे. दुष्यंत कबूल करतो, तुला न्यायला सैन्य पाठवतो म्हणतो आणि जातो. सैन्य येत नाही. मुलगा होतो, सहा वर्षांचा होतो. मग ती त्याला घेऊन दरबारात जाते. राजा म्हणतो, मी तुला ओळखत नाही. आणि इथे महाभारतकार सरळ सांगून टाकतात की त्याला सगळं आठवत होतं.

पुढे जे आहे ते मला संस्कृत साहित्यातल्या सर्वोत्तम भांडणांपैकी एक वाटतं. ती रडत बसत नाही. ती बायको म्हणजे काय, मुलगा म्हणजे काय, खरं बोलणं म्हणजे काय, यावर भर सभेत राजाला सुनावते. तो तिच्या आईवर, मेनकेवर, घसरतो. ती त्याचंही उत्तर देते. शेवटी म्हणते, तुझ्याशिवायही माझा मुलगा पृथ्वीवर राज्य करील, आणि निघते. मग आकाशवाणी होते आणि राजा हसत हसत मंत्र्यांना सांगतो, की मलाही माहीत होतंच, पण हिच्या एकटीच्या शब्दावर मुलगा घेतला असता तर लोकांनी शंका घेतली असती. म्हणजे राजाने त्या बाईला सभेत खोटं पाडलं ते प्रतिमा जपण्यासाठी. त्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही, ते सोडा; पण निदान गोष्ट आपल्यापासून काही लपवत नाही.

मग अंगठी कुठून आली? साधारण चौथ्या-पाचव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या कालिदासाने ती घातली, असं उत्तर तुम्ही द्याल, आणि परीक्षेत त्याला मार्कही मिळतील. पण पाली जातककथांमध्ये सातवी कथा आहे कट्ठहारि जातक. वाराणसीचा राजा बागेत लाकडं वेचणाऱ्या एका बाईला भेटतो. जाताना तिला मुद्रिका देतो आणि सांगतो, मुलगी झाली तर ही विकून तिला वाढव, मुलगा झाला तर मुलगा आणि मुद्रिका घेऊन ये. ती येते. राजाला ओळख पटते, पण सभेपुढे लाज वाटते म्हणून तो नाकारतो. ती मुद्रिका दाखवते. तो म्हणतो माझी नाही. शेवटी ती सत्याची आण घेऊन मुलाला आकाशात भिरकावते आणि मुलगा हवेतच मांडी घालून बसतो.

आता जर्नलवाला तर्क लावा. 'अंगठी दिसली, म्हणजे कालिदासावरून उतरवलं' असा नियम केलात तर जातककथेपाशी फसाल. जातकातली अंगठी हरवत नाही. ती शेवटपर्यंत तिच्या हातात आहे, राजा ती बघतो आणि तरी नाही म्हणतो. तेव्हा कालिदासाची खूण म्हणून धरायचं ते अंगठीचं हरवणं, आणि तिच्याबरोबर राजाची आठवण हरवणं. जिथे जिथे हे दोन्ही एकत्र दिसेल, तिथे कालिदासाचा ९.१८ सापडला असं समजायला हरकत नाही. तरीही सावध राहा. पद्मपुराणाच्या काही पोथ्यांमध्येही अंगठी-शाप असलेली गोष्ट आहे, आणि कोणी कोणाकडून घेतली यावर अभ्यासकांचं जुनं भांडण आहे. पोथ्या मिसळतात, आमचे जीवाणूही एकमेकांची जनुकं उचलतात. स्वच्छ झाड फक्त पाठ्यपुस्तकात असतं.

पण नातं लावणं हा निम्मा अभ्यास झाला. समीक्षा खरी सुरू होते ती पुढच्या प्रश्नापासून: या बदलाने कोणाचं काय झालं?

शापामुळे दुष्यंत सुटला. महाभारतात आणि जातकात तो जाणूनबुजून खोटं बोलतो. कालिदासाकडे तो प्रामाणिकपणे विसरलेला आहे. शिवाय शाप ओढवला कशामुळे, तर शकुंतला त्याच्या विचारात हरवली होती आणि दारातल्या अतिथीकडे तिचं लक्ष गेलं नाही. अंगठी हरवली कोणाकडून? तिच्याकडून. एका फटक्यात सगळी जबाबदारी एका माणसावरून दुसऱ्यावर सरकली. रोमिला थापर यांच्या शकुंतलेवरच्या १९९९ च्या पुस्तकात हा सरकता दोष महाभारतापासून वसाहतकाळापर्यंत तपासलेला आहे. संशोधनाचा विषय कसा आखावा हे बघण्यासाठी तरी ते वाचा, मग तुमचा विषय रसायनशास्त्र का असेना.

एवढ्यावर थांबून 'कालिदास पुरुषांच्या बाजूचा' असं लिहून मोकळं होता येईल. असे पेपर बरेच येतात. पण कलाकृती वाचायची तर तिच्या आतला विसंवादी पुरावाही मोजावा लागतो, आणि तो पाचव्या अंकाच्या अगदी तोंडाशी आहे.

शकुंतला दरबारात येण्याआधी आतून गाणं ऐकू येतं. हंसपदिका नावाची राजाची एक राणी गातेय. भुंग्याला उद्देशून, की आंब्याच्या मोहोराला बिलगला होतास, आता कमळात जाऊन कसा विसरलास. राजा विदूषकाजवळ कबूल करतो की हिच्यावर आपण एकदा प्रेम केलं होतं आणि हा टोमणा आपल्यालाच आहे. समजूत काढायला तो स्वतः जात नाही, विदूषकाला पाठवतो. मग त्याला उगीच हुरहुर वाटते. आणि मग शकुंतला आत येते.

हंसपदिकेला कोणी शाप दिला होता? रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांच्या शकुंतलेवरच्या निबंधात या गाण्यावर बोट ठेवलंय. शापाने जे केलं त्याचं बीज राजाच्या स्वभावात होतंच, हे कवीने इथे हळूच सुचवलं, असा त्यांचा रोख आहे. मला त्यात एक भर घालावीशी वाटते ती भाषेची. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, बायका शौरसेनीत बोलतात, आणि त्यांची गाणी महाराष्ट्री प्राकृतात असतात. म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. राजाबद्दल जे संस्कृतात कोणी बोलत नाही, ते पडद्यामागून एक विसरलेली बाई महाराष्ट्रीत गाऊन जाते. शापाची योजना करणारा आणि तिच्यात हे छिद्र ठेवणारा नाटककार एकच आहे. म्हणून मी त्याला वकील म्हणायला तयार नाही.

आणखी एक, हे सायन्सवाल्यांना आवडेल. दरबारात राजाला शाप माहीत नाही. शकुंतलेलाही माहीत नाही. शाप ऐकला तो दोन मैत्रिणींनी, आणि त्या आश्रमात राहिल्या. पाचवा अंक म्हणजे शुद्ध डबल ब्लाइंड आहे. दोघंही खरं बोलताहेत, दोघांनाही समोरचा खोटारडा वाटतोय, आणि कोड फक्त प्रेक्षकाकडे आहे. शकुंतला त्याला सरळ 'अनार्य' म्हणते, तेव्हा तिच्या बाजूने ते शंभर टक्के बरोबर आहे. महाभारतात आपण चिडतो, इथे चिडायला कोणी सापडत नाही. हा अनुभव त्या जुन्या गोष्टीत नव्हता, तो कालिदासाने नव्याने तयार केला. मला विचाराल तर भांडण म्हणून महाभारत सरस, आणि नाटक म्हणून हे.

आता मराठी रंगभूमीवर या. नेटच्या तयारीत सगळे पाठ करतात: ३१ ऑक्टोबर १८८०, पुणे, आनंदोद्भव नाट्यगृह, अण्णासाहेब किर्लोस्कर, 'संगीत शाकुंतल', मराठी संगीत नाटकाचा आरंभ. पण या ओळीत एक तपशील गळतो, आणि मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. त्या रात्री पहिले चारच अंक झाले. उरलेले नंतर.

चौथा अंक कशाने संपतो? शकुंतला सासरी निघते. कण्व निरोप देतात, वेली-हरणं आडवी येतात, मुलगी वळून वळून बघते, बाप मागे राहतो. म्हणजे संगीत नाटकाचा पहिला प्रेक्षक घरी गेला तो मुलीची पाठवणी बघून. शाप त्याला कळलेला होता, पण नाकारणं त्याने पाहिलंच नाही. सोय म्हणून चार अंक केले असतील, तालीम तेवढीच झाली असेल. त्यामागे डाव होता असं मी म्हणत नाही. पण थांबायला हीच जागा जमून आली यात नवलही नाही. चौथ्या अंकाला सगळ्यात वर बसवणारं जुनं सुभाषित पंडितांना पाठ होतं, आणि ज्यांना संस्कृत येत नव्हतं त्यांच्या घरात जात्यावर सासर-माहेरच्या ओव्या रोज पहाटे चालूच होत्या. कालिदासाचा चौथा अंक मराठी माणसाला आधीच येत होता.

किर्लोस्करांनी काय बदललं हे कथेत शोधू नका. कथा त्यांनी कालिदासाचीच ठेवली. आपल्या तर्काप्रमाणे इथे ९.१८ जसाच्या तसा आहे. बदल आहे तो आवाजाच्या मालकीत. विष्णुदास भाव्यांपासून चालत आलेल्या पौराणिक नाटकात गायचा तो सूत्रधार. सगळ्यांच्या वतीने तोच पदं म्हणायचा आणि पात्रं मधे आपापलं गद्य जुळवून बोलायची. किर्लोस्करांकडे पात्रं स्वतः गायला लागली. साकी, दिंडी, ओवी, कीर्तनात कानावर पडलेल्या चाली, कानडी मुलखातल्या चाली. ते स्वतः बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यामुळे दोन्ही भाषांचं संगीत त्यांच्या कानात होतं. शकुंतलेचं दुःख आता तिच्यासाठी दुसरं कोणी गात नाही, ती स्वतः गाते. अर्थात ती म्हणजे पुरुष नट. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनी पहिली भूमिका केली ती शकुंतलेचीच.

हा फार मोठा बदल होता, आणि त्याला किंमतही पडली असं माझं मत आहे. पद गळ्यात बसतं ते शृंगाराचं, निरोपाचं, विरहाचं. भर सभेतला युक्तिवाद गाता येत नाही. गायला घेतलात तर तो तक्रार होतो. आदिपर्वातल्या शकुंतलेचं बळ तिच्या लांबलचक, मुद्देसूद, चिडक्या बोलण्यात आहे. कालिदासाने ते आधीच आटवलं होतं, आणि संगीताने उरलेलं गोड केलं. आज 'संगीत शाकुंतल'चा अख्खा प्रयोग क्वचित बघायला मिळतो. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांतून आपल्यापर्यंत येते ती नांदी आणि काही पदं. भांडण केव्हाच गळून पडलंय. कोणतंही माध्यम सगळंच पुढे नेत नाही. काय नेलं नाही याची वेगळी यादी करत जा. मी प्रत्येक पेपरच्या नोट्समध्ये तो रकाना ठेवते.

जाता जाता एक मोह. १८८२ मध्ये, म्हणजे त्या प्रयोगानंतर दोन वर्षांत, पुण्यातच एक पुस्तिका छापली गेली: बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना'. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला शिक्षा झाली, त्या प्रकरणावर चिडून लिहिलेली. प्रत्येक दोष बाईच्याच माथी का, असं ती पानोपानी विचारते. रंगमंचावरून गेलेला आदिपर्वातला स्वर इथे छापखान्यातून परत आला, असं वाक्य मला लिहावंसं वाटतं, आणि मी ते लिहिलंही. पण प्रबंधात लिहू देणार नाही. दोन गोष्टी एका शहरात, दोन वर्षांच्या अंतराने घडल्या, एवढंच हातात आहे. ताराबाईंनी ते नाटक पाहिलं होतं, किंवा त्यांच्या डोक्यात शकुंतला होती, असं दाखवणारी एखादी सामायिक खूण सापडेपर्यंत हे फक्त साम्य. ९.८ वाल्या जर्नलांसारखं.

बाहेरच्या जगात ही गोष्ट कशी फिरली ते थोडक्यात, कारण तिथे सांगण्यासारखं एकच आहे. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये कलकत्त्यात इंग्रजी भाषांतर छापलं, दोन वर्षांत ते जर्मनमध्ये गेलं, गटे वेडा झाला, शुबर्टने १८२० मध्ये ऑपेरा सुरू करून अर्धवट सोडला. या सगळ्यांनी वाचलेलं शाकुंतल बंगाली परंपरेतलं होतं, त्यात तिसरा अंक लांब आहे. आपल्याकडे देवनागरी परंपरेतलं चालतं. तेव्हा 'गटेला शाकुंतल आवडलं' या वाक्यावर तुमचा पहिला प्रश्न असायला हवा: कोणतं? इटालियन संगीतकार फ्रांको अल्फानोने १९२१ मध्ये शकुंतलेवर ऑपेरा केला. दुसऱ्या महायुद्धात त्याची संगीतलिपी बॉम्बहल्ल्यात जळाली असं धरून त्याने ती आठवून पुन्हा लिहिली, आणि ती १९५२ मध्ये रंगमंचावर आली. मूळ प्रत प्रकाशकाच्या संग्रहातच होती. सापडली थेट या शतकात. हरवलेली आणि सापडलेली वस्तू या गोष्टीचा पाठलागच करते. बॅकअप घ्या.

आपल्याकडे व्ही. शांताराम या गोष्टीकडे दोनदा वळले, १९४३ मध्ये 'शकुंतला' आणि १९६१ मध्ये 'स्त्री'. दुसऱ्या चित्रपटाचं नाव बघा, आणि दोन्ही एका आठवड्यात बघून टाका. पाचव्या अंकाच्या जागी काय आहे एवढंच टिपा.

आता सहावा अंक, कारण या नाटकातला माझा सगळ्यात आवडता माणूस तिथे आहे आणि त्याच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. तो कोळी.

त्याने रोहित मासा कापला, पोटात राजाचं नाव कोरलेली अंगठी निघाली, ती विकायला गेला आणि शिपायांनी पकडला. हात बांधून मारत नेताहेत. तो मागधी प्राकृतात सांगतोय की मी चोर नाही, मी जाळं टाकून पोट भरतो. त्याच्या धंद्यावर शेरा येतो. तो शांतपणे सुनावतो की जन्माने आलेलं काम सोडायचं नसतं. यज्ञात पशू मारणारा श्रोत्रियही दयाळू असतोच की. शिपायांना त्याला मारायची इतकी घाई, की हात शिवशिवताहेत. राजाने अंगठी बघितल्यावर आतून निरोप येतो: सोडा त्याला, आणि अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस द्या. शिपायाचा चेहरा पडतो. कोळी अर्धं बक्षीस त्यांच्या 'फुलांसाठी' देतो. लगेच दोस्ती, आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे.

हा प्रवेश 'हलकाफुलका' म्हणून उरकतात. पण पाचव्या अंकाला तो लावून बघा. दरबाराच्या दाराशी दोन माणसं खरं सांगायला आली. एकीकडे अंगठी नव्हती, तिला खोटी ठरवली. दुसऱ्याकडे अंगठी होती, त्याला चोर ठरवलं. पहिल्या वेळी आपण म्हणालो, राजाला शाप होता. दुसऱ्या वेळी शिपायांना कोणता शाप होता? कालिदासाने हे दोन प्रसंग पाठोपाठच्या अंकांत ठेवलेत. हंसपदिका शापाच्या आधी आणि कोळी शापाच्या नंतर, म्हणजे त्या योजनेत छिद्रं दोन आहेत. आणि दोन्ही प्राकृतात.

आमच्याकडे नायगावात स्टेशनजवळ मासे घेते त्या मावशींना मी हा प्रवेश एकदा सांगितला. खाडीवरच्या बाई, संस्कृताशी काही देणंघेणं नाही. पहिला आक्षेप आला तो रोहूवर. "तो गोड्या पाण्यातला, आमच्या खाडीत नाय मिळत." मी म्हटलं, मावशी, अंगठी गंगेत पडली होती. ते चाललं. मग विचारलं, अंगठी माशाच्या पोटात किती दिवस होती? हा प्रश्न मी कोणत्याही टीकेत इतका सरळ विचारलेला पाहिला नव्हता. घरी येऊन हिशोब लावला. अंगठी दरबारात येण्याआधीच पडलेली. ती सापडल्यावर सहाव्या अंकातच इंद्राचा सारथी राजाला घेऊन जातो, आणि परतीच्या वाटेवर सातव्या अंकात मुलगा सिंहाच्या छाव्याचे दात मोजण्याएवढा मोठा आहे. म्हणजे मासा ती अंगठी काही वर्षं बाळगून होता. रोहू तेवढा जगतो, ती अडचण नाही. दुसऱ्या दिवशी मी मावशींना हे सांगितलं.

"वर्षं लागणारच," त्या खवलं काढता काढता म्हणाल्या. मग सुरी थांबवून विचारलं, "पण पोरी, त्या पोलिसांनी अर्धेच घेतले?"